हियरफर्डचा दगडी पूल

इंग्लंडमधील हियरफर्ड शहरी वाय नदीवर १४९० साली बांधलेला दगडी पूल आजही उभा आहे. १६४५ च्या वेढ्यात नगररक्षकांनीच त्याची एक कमान पाडली. ती पुढे पुन्हा बांधण्यात आली. अशा पुलाची डागडुजी चुन्यानेच करावी. सिमेंटमुळे ओल कोंडते आणि जुना दगड झिजतो. परंतु ताजा चुना पाण्यात पडल्यास मासे मरतात, आणि ही नदी तर साल्मन इत्यादी जलचरांसाठी संरक्षित. साल्मन हिवाळ्याच्या तोंडी अंडी घालतो, म्हणून पात्रातील काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. गवंड्याकडून थेंबाथेंबाचा हिशेब घेणे आम्हांस योग्यच वाटते. मात्र काठच्या शेतांतील कोंबडीखताचे फॉस्फेट ओहळांवाटे नदीत उतरतच राहिले. २०२३ साली सरकारी निसर्गसंस्थेनेच तिची प्रकृती खालावत असल्याचे नोंदविले.