‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

आमचे टूवूंबा डोंगरकड्यावर वसलेले. गावी पत्र लिहिताना ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ उमटला, तर डोंगरात समुद्र शिरतो! इथल्या कळफलकावर मराठी अक्षरे छापलेली नसतात, म्हणून मंडळी हा ऱ शोधत बसतात. र, हलन्त, य या क्रमाने रफारच येतो. म्हणून १९९१ च्या भारतीय मानकाने दाक्षिणात्य लिप्यांतल्या कठोर ‘ऱ’चे अर्धे रूप आपल्या कामी लावले. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की ‘ऱ्य’ हजर. ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर मी हिंदीच्या ‘ऍ’वर भागवले. मुलांना या जागा जरूर दाखवा. अक्षर असूनही बोटांना सापडले नाही, तर आजीला पोचणारा शब्द दुसराच असतो.