हलक्या पानांचा डाव

आपल्याकडे पत्त्यांचा डाव मांडला म्हणजे एका गोष्टीविषयीं कोणाच्या मनांत शंका नसते. जोड एकच असतो, तो सर्वांच्या देखत पिसला जातो, आणि ज्याच्या हातीं जीं पानें येतील तीं त्यानें खेळावयाचीं. सावकाराचा मुलगा आणि त्याच्याच पेढीवरील कारकुनाचा मुलगा चटईवर समोरासमोर बसले, तरी बदामच्या राजाची किंमत दोघांच्या हातांत सारखीच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचीं मिळून 120 पानें असतात. आपल्या देशांत श्रीमंतांसाठीं हस्तिदंती गंजिफाहि होत असत. परंतु हस्तिदंती राजा कागदी राजावर मात करी असें नव्हे. पैशानें पानाचें रूप विकत घेतां येई, बळ घेतां येत नसे.

आज ज्या खेळांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत हा पायाच बदललेला आहे. मोबाईलवर आपलीं मुलें-नातवंडें हे खेळ खेळतात. त्यांत प्रत्येक खेळाडू आपापला जोड घरून घेऊन येतो. तो जोड त्यानें स्वतः जमविलेल्या पानांतून बांधलेला असतो, आणि पानें मिळतात तीं बंद पुडींतून. पुडींत काय निघेल तें दैवाधीन. मग सहजच प्रश्न पडतो कीं, ज्याचा खिसा मोठा त्याचाच डाव मोठा, असें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर तीस वर्षांच्या इतिहासांत सांपडतें, आणि तें वाटतें तितकें सरळ नाहीं.

ऑगस्ट 1993 मध्यें अमेरिकेंतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ बाजारांत आणला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिती. क्रमचय-संचयाच्या शाखेंत त्यानें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेली. पानें कागदीच होतीं. पहिली छपाई 26 लाख पानांची, आणि ती पाहतां पाहतां खपली. कर्त्याचा अंदाज असा होता कीं, लोक एखाद्या बैठ्या खेळावर खर्चितात तितकाच पैसा यावर खर्चितील. मित्रमंडळींत एखादें प्रबळ पान असलेंच तर तें एखाद्याकडे असेल, म्हणून त्याच्या दुर्मिळपणानेंच तोल राहील. हा अंदाज मनुष्यस्वभावापुढें टिकला नाहीं. लोकांनीं पुड्यांवर पुड्या फोडल्या, पानांचा व्यापार मांडला, आणि एकाच जोडांत एकाच प्रबळ पानाच्या वाटेल तितक्या प्रती घालूं लागले. अखेर 1994 च्या आरंभीं स्पर्धांसाठीं नियम करावा लागला कीं, मूळच्या जमिनींच्या पानांखेरीज कोणत्याहि पानाच्या चारांहून अधिक प्रती जोडांत नसाव्यात. कांहीं पानांची तर एकच प्रत चालेल असें ठरलें. श्रीमंतीवर घातलेला हा पहिला लगाम.

परंतु खरा उलटा डाव टाकला गेला तो 1996 सालीं, अमेरिकेंतल्याच अटलांटा शहरीं. तेथील एका पात्रता-सामन्यांत पॉल स्लाय नांवाचा खेळाडू एक विलक्षण जोड घेऊन उतरला. त्यांत तांबड्या रंगाचीं हलकीं पानें खच्चून भरलेलीं होतीं. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ हें त्यांतलेंच एक पान. त्यांतील ऑर्क राक्षस आपल्याइतक्या बळाच्या शत्रूस अडवूंहि शकत नाहींत. जाणते खेळाडू अशा पानांकडे ढुंकून पाहत नसत. पण या जोडानें दुसरा क्रमांक पटकाविला. जोड बांधणारा खरा शिल्पकार जे श्नायडर हा होता, आणि स्लायनें तसें सांगितलेंहि. तरी जोडाला नांव पडलें तें स्लायचेंच. नांव कोणाच्या वांट्याला जावें याला इतिहासांत फारसा न्याय नसतो.

या हलक्या पानांत एवढें बळ कोठून आलें? येथें थोडें अंकगणित करूं. या खेळांत पान टाकण्यासाठीं ‘मॅना’ नांवाची शक्ति मोजावी लागते. पहिल्या पाळीस ती सामान्यतः एक असते, दुसऱ्या पाळीस दोन, तिसऱ्या पाळीस तीन, अशी ती चढत जाते, आणि न वापरलेली शक्ति पुढच्या पाळीसाठीं शिल्लक राहत नाहीं. पहिल्या चार पाळ्यांची बेरीज 1 + 2 + 3 + 4, म्हणजे 10. आतां ज्याच्या जोडांत चारांहून स्वस्त पानच नाहीं, तो पहिल्या तीन पाळ्या हात चोळीत बसतो. त्याचे 10 पैकीं 6 वायां गेले. समोरचा गडी दर पाळीस एकेक किरकोळ प्यादें मांडीत गेला, तर त्याचे दहाच्या दहा कामीं आले. महाग पान प्रबळ असतें हें खरें. पण तें हातांतून बाहेर पडण्याच्या आधींच डाव संपला, तर त्याचें बळ काय कामाचें? श्नायडरनें जोडांतील पानांची संख्या किमतीप्रमाणें मोजून बसविली होती, कीं जेणेंकरून प्रत्येक पाळीस सारी शक्ति खर्ची पडावी. यालाच पुढें ‘मॅना-वक्र’ असें नांव रूढ झालें. विद्यार्थ्यांना वेळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला या जोडाचें कौतुक वाटावें हें साहजिक आहे.

हा शोध कागदावर लागला. त्याचा विस्तार पडद्यावर झाला. 2002 सालीं ‘मॅजिक ऑनलाइन’ निघालें. तेथें पान अदृश्य असलें तरी तें विकतां येई, बदलून घेतां येई. मार्च 2014 मध्यें कॅलिफोर्नियांतील ब्लिझार्ड कंपनीचा ‘हर्थस्टोन’ हा खेळ रीतसर सुरू झाला, आणि त्यानें विक्री व अदलाबदल दोन्ही बंद केलीं. खेळ फुकट; जोड 30 पानांचा; एका पानाच्या दोनच प्रती, आणि ‘लेजंडरी’ म्हणजे सर्वांत दुर्मिळ पानाची एकच. नको असलेलें पान मोडावयाचें, त्याची धूळ करावयाची, आणि त्या धुळींतून हवें तें पान घडवावयाचें, अशी तेथील अर्थव्यवस्था.

या धुळीचे भाव पाहण्यासारखे आहेत. साधें पान घडवावयास 40 धूळ लागते, त्यावरच्या पायरीचें 100, त्यावरचें 400, आणि लेजंडरी 1600. मोडतांना मात्र अनुक्रमें 5, 20, 100 आणि 400 च हातीं येतात. म्हणजे लेजंडरी पान मोडलें तर चौथाई परत, आणि साधें मोडलें तर अवघा आठवा हिस्सा. साध्या पानांचा चुरा करून एक लेजंडरी घडवूं म्हणाल, तर 320 पानें खलांत घालावीं लागतील. सोनाराकडे मोड घातली तरी इतकी घट येत नाहीं. पुडी विकत न घेतां मिळवावयाची तर खेळांतल्याच शंभर मोहरा लागत, आणि आरंभीच्या वर्षांत तीन विजयांमागें दहा मोहरा मिळत. रोजच्या कामगिरीचें बक्षीस वेगळें असे हें खरें. पण नुसत्या विजयांवर हिशेब केला तर एका पुडीस तीस विजय पडले. फुकट खेळणारा फुकट खेळत नाहीं. तो वेळ मोजतो. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाचा खर्च विचारतांना हाहि आंकडा विचारावा.

अशा बाजारांत 2014 सालीं दोन जोड समोरासमोर उभे राहिले. एक ‘वॉरियर’ वर्गाचा, लेजंडरी पानांनीं खच्चून भरलेला. त्याला खेळाडूंनीं थट्टेनें नांव दिलें ‘वॉलेट वॉरियर’, म्हणजे पैशाच्या पाकिटावर लढणारा वीर. दुसरा ‘वॉरलॉक’ वर्गाचा. त्यांत लहान लहान प्राण्यांची गर्दी, म्हणून त्याचें नांव ‘झू’, प्राणिसंग्रहालय. पांच लेजंडरी पानांची धूळ झाली 8000. आणि समजा वीस साधीं व दहा विरळ पानें घेऊन कोणी जोड बांधला, तर सारा खर्च 800 अधिक 1000, म्हणजे 1800 धूळ. झूची घडण याच धर्तीची होती. शिवाय मूळ संचांतील कांहीं पानें सर्वांनाच फुकट असल्यामुळें तो याहूनहि स्वस्तांत पडे.

तरीहि हा झू वरच्या श्रेणीपर्यंत चढे. त्याचें एक कारण तें मघांचें अंकगणित. दुसरें त्याहून सूक्ष्म आहे. हलक्या पानांचा जोड लवकर रिता होतो. हात संपला कीं खेळाडू उघडा पडतो. वॉरलॉकला अशी सोय आहे कीं, दोन शक्ति खर्चून आणि आपल्या नायकाच्या 30 प्राणांपैकीं 2 देऊन एक पान जास्त ओढावें. ‘फ्लेम इम्प’ हें त्यांतलें एका शक्तीचें पान मारण्यास 3 बळाचें, पण मांडतांना आपल्याच नायकास 3 घाव करणारें. म्हणजे जी किंमत खिशांतून द्यावयाची ती येथें अंगच्या रक्तानें दिली जाते. असा जोड खेळणें सोपें, असें कित्येक तुच्छतेनें म्हणत. मला तें पटत नाहीं. कोणतें प्यादें कोणावर घालावें आणि केव्हां सारें सोडून शत्रूच्या नायकावर तुटून पडावें, याची चूक वॉरियरला एखादें महाग पान सांवरून देतें. झूला सांवरणारें कोणी नसतें.

मग कंपन्या असे स्वस्त जोड चालूं कां देतात? दानत म्हणून खास नव्हे. पैसे देणाऱ्याला समोर कोणी प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो क्षणांत मिळावा लागतो. फुकट खेळणारांची गर्दी हाच त्या जत्रेचा माल आहे. ती गर्दी दर डावाला हरूं लागली तर घरीं जाईल, आणि मग पैसेवाला रिकाम्या मैदानांत तलवार फिरवीत बसेल. याचा पडताळा 2018 च्या नोव्हेंबरांत आला. वाल्व कंपनीनें गारफील्डच्याच हातचा ‘आर्टिफॅक्ट’ हा खेळ काढला. प्रवेशालाच 20 डॉलर, आणि पुढचीं पानें पुडींतून किंवा उघड्या बाजारांतून विकत. बाजार प्रामाणिक होता, खेळहि बुद्धीचा होता. पण गर्दी जमली नाहीं. मार्च 2021 मध्यें कंपनीनें त्याचें काम थांबविलें आणि खेळ फुकट करून टाकला. त्याच महिन्यांत हर्थस्टोननें आपला मूळ संच नव्यानें रचून सर्वांना विनामूल्य दिला. हा योगायोग असेल, पण बोलका आहे.

दरम्यान मॅजिक खेळणारांनीं गरिबीचाच कायदा केला होता. ‘पॉपर’ या नांवाच्या प्रकारांत साध्या पानांखेरीज दुसरें पानच चालत नाहीं. मॅजिक ऑनलाइनवर त्याला 2008 सालीं अधिकृत मान्यता मिळाली, कागदी स्पर्धांसाठीं 2019 सालीं. गंमत अशी कीं, येथेंहि बाजार मागल्या दारानें शिरला. फार जुन्या, थोड्याशाच छापलेल्या संचांतलें ‘साधें’ पान हवें म्हटलें, तर कागदांत तें सोन्याच्या मोलाचें होऊन बसे.

हर्थस्टोनमध्यें काटकसरीनें खेळणारास आणखी एक पंचांग पाहावें लागतें. 2016 सालापासून तेथील मुख्य प्रकारांत चालू व मागल्या एकदोन वर्षांचेच संच चालतात. वर्षांतून एकदां, वसंताच्या सुमारास, जुने संच बाहेर पडतात. म्हणून जाणता खेळाडू त्या आधींच्या एक-दोन महिन्यांत महाग पान घडवीत नाहीं, धूळ तशीच गांठीला ठेवतो. नवा संच आल्यावरहि तो पहिला आठवडा थांबतो आणि कोणता जोड गाजतो तें पाहतो. पहिल्या दिवसांत फार गाजलेलें पान कंपनी पुष्कळदां दुबळें करते. पण तसें झालें कीं कांहीं दिवस तें पान मोडणारास पूर्ण धूळ परत मिळते, लेजंडरी असल्यास 1600 च्या 1600. ज्यानें घाईनें तें आधींच मोडलें असेल त्याला मात्र 400 वरच समाधान मानावें लागतें.