रसेल, बिल

(१२ फेब्रुवारी १९३४ – ३१ जुलै २०२२). अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू आणि प्रशिक्षक. पूर्ण नाव विल्यम फेल्टन रसेल. बॉस्टन सेल्टिक्स या संघाकडून तेरा हंगामांत त्याने अकरा वेळा एनबीए (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) या व्यावसायिक लीगचे विजेतेपद मिळवले. त्यांतली शेवटची दोन विजेतेपदे मिळाली तेव्हा तो त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षकही होता. एनबीएमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पुढे सिॲटल आणि सॅक्रामेंटो येथील संघांनाही त्याने प्रशिक्षण दिले. तिन्ही संघांचे मिळून नियमित हंगामातले ३४१ विजय आणि २९० पराभव त्याच्या नावावर आहेत. या बेरजेवरून मात्र त्याची पारख होत नाही, कारण मैदानात उतरून संघ चालवणारा रसेल आणि बाकावरून संघ चालवणारा रसेल यांच्यात फार मोठे अंतर होते.

त्याचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यातल्या मन्रो भागातला. तिथे वर्णभेद हा कायद्याचाच भाग होता. पेट्रोल पंपावर गोऱ्या गिऱ्हाइकांची रांग संपेपर्यंत थांबायला नकार दिला म्हणून वडिलांवर बंदूक रोखली गेली. चांगले कपडे घालून बाजारात गेलेल्या आईला पोलिसाने, असे कपडे गोऱ्या बायकांचे, असे म्हणून घरी पाठवले. रसेल लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आले. बारा वर्षांचा असताना आई गेली आणि दोन्ही मुलांना वडिलांनी एकट्याने वाढवले.

शाळेत तो मुळीच चमकला नाही. मॅक्लिमंड्स हायस्कूलच्या दुय्यम संघातून त्याचे नाव जवळजवळ कापले गेले होते. जॉर्ज पाउल्स या प्रशिक्षकाने त्याला ठेवून घेतले, पण गणवेश कमी पडत असल्याने शेवटचा गणवेश तो आणि आणखी एक मुलगा आळीपाळीने घालत. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को या छोट्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. तिथे के. सी. जोन्स त्याचा सोबती झाला. दोघे तासन्‌तास बास्केटबॉलची भूमिती मांडत बसत: चेंडू रिंगला लागला तर कोणत्या कोनात उसळेल, प्रतिस्पर्ध्याला कोणत्या बाजूला ढकलले तर त्याचा नेम बिघडेल. पुढच्या प्रशिक्षकाची घडण इथेच सुरू झाली. १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे या संघाने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकली आणि एकदा सलग ५५ सामने जिंकले. रसेलला बास्केटखाली आवर घालता यावा म्हणून विद्यापीठ स्पर्धांमध्ये तिथली पट्टी सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आली. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला ८९–५५ असे हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघाचा तो कर्णधार होता.

सेल्टिक्सचा प्रशिक्षक रेड आवरबाख याने रसेलला मिळवण्यासाठी एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन मोहरे सेंट लुइस हॉक्सला देऊन टाकले. ऑलिंपिक आटोपून डिसेंबर १९५६ मध्ये रसेल बॉस्टनला रुजू झाला आणि चार महिन्यांत संघाने आपले पहिले विजेतेपद मिळवले. हॉक्सविरुद्धचा तो सातवा सामना दोन जादा डावांपर्यंत गेला आणि १२५–१२३ असा सुटला. पदार्पणाच्याच हंगामात रसेलने त्या सामन्यात ३२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) घेतले.

२.०८ मीटर उंचीच्या या सेंटरने बचावाची कल्पनाच बदलली. तोवर बचावपटूने पाय जमिनीवर ठेवूनच खेळावे, उडी मारणे म्हणजे फसणे, अशी शिकवण होती. रसेल उडी मारायचा, पण अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. तो हलकेच आपल्या साथीदाराकडे वळवायचा, आणि प्रतिस्पर्ध्याचा शॉट अडवता अडवता सेल्टिक्सची चढाई सुरू झालेली असायची. त्याने किती शॉट अडवले याची नोंद नाही, कारण एनबीएने ती मोजणी १९७३-७४ मध्ये सुरू केली. रिबाउंडची नोंद आहे: ९६३ सामन्यांत २१,६२०, म्हणजे सामन्यागणिक २२.५. फेब्रुवारी १९६० मध्ये सिरॅक्यूजविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ५१ रिबाउंड घेतले. गुणांची सरासरी मात्र १५.१ एवढीच. तरीही १९५८, १९६१, १९६२, १९६३ आणि १९६५ असे पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली.

विल्ट चेंबरलेनशी त्याची तुलना दहा वर्षे चालली. चेंबरलेन अधिक उंच, अधिक ताकदवान, गुणांचा पाऊस पाडणारा. पण दोघे समोरासमोर आले की बहुतेक वेळा सेल्टिक्स जिंकत. १९६५ मध्ये चेंबरलेनला वर्षाला एक लाख डॉलर मिळाल्याचे कळताच रसेलने आपल्या करारात एक लाख एक डॉलर लिहून घेतले.

बॉस्टन शहराने मात्र त्याला आपले मानले नाही. उपनगरातल्या त्याच्या घरात घुसून लोकांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या, करंडक फोडले, बिछान्यावर घाण केली. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात हॉटेलच्या उपाहारगृहाने कृष्णवर्णीय खेळाडूंना वाढायला नकार दिला, तेव्हा रसेल आणि त्याचे साथीदार प्रदर्शनी सामना न खेळता परतले. १९६३ मध्ये मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याचा मिसिसिपीत खून झाला. धमक्या येत असतानाही रसेलने तिथे जाऊन काळ्या-गोऱ्या मुलांचे एकत्र बास्केटबॉल शिबिर घेतले. चार वर्षांनी व्हिएतनाम युद्धात जायला नकार देणाऱ्या मुहम्मद अलीच्या पाठीशी उभे राहण्यासाठी क्लीव्हलँडमध्ये जे खेळाडू जमले, त्यांतही तो होता. चाहत्यांना स्वाक्षरी देणे त्याने बंद केले होते. त्याबद्दल त्याला उर्मट म्हटले गेले. आपल्या घराची अशी नासधूस झालेल्या माणसाने या शहराला गोड बोलावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

खेळाडू-प्रशिक्षक (१९६६–६९). १९६६ मध्ये आवरबाखने प्रशिक्षकपद सोडून व्यवस्थापक म्हणूनच राहायचे ठरवले. आपल्या जागेसाठी त्याने आधी फ्रँक रॅम्सी, बॉब कूझी आणि टॉम हाइनसन या जुन्या सेल्टिक्सना विचारले. कोणीही होकार दिला नाही. रसेलला सांभाळणे आपल्याला जमणार नाही हे हाइनसनने ओळखले होते. रसेलला सांभाळू शकेल असा एकच माणूस उरत होता, तो स्वतः रसेल. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना सेल्टिक्स लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडून हरले आणि दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिलला, आवरबाखने ही निवड जाहीर केली. वर्तमानपत्रांत लेकर्सच्या विजयाऐवजी रसेलचे नाव झळकले, आणि सेल्टिक्सने ती मालिका जिंकून सलग आठवे विजेतेपद घेतले. पत्रकार परिषदेत त्याला विचारले गेले की गोऱ्या खेळाडूंना तो निःपक्षपातीपणे वागवू शकेल का. आधीच्या कोणत्याही गोऱ्या प्रशिक्षकाला असा उलटा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नव्या प्रशिक्षकाला मदतनीस नव्हता. स्वतः बहुतेक पूर्ण वेळ खेळायचे, त्यातच कोणाला कधी बदलायचे, टाइम-आउट कधी घ्यायचा, कोण दमला आहे, हेही पाहायचे. पहिल्या हंगामात संघाने ६० सामने जिंकले, पण पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया संघाने त्यांना ४–१ असे लोळवले. विजेतेपदांची साखळी तुटली. नव्या माणसाला हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना बळ मिळाले.

रसेलने यावर काढलेला मार्ग साधा होता. पुढच्या हंगामात त्याने संघातल्या अनुभवी खेळाडूंशी सल्लामसलत वाढवली आणि निर्णयांचा भार वाटून घेतला. जॉन हॅव्हलिचेक, सॅम जोन्स, बेली हॉवेल ही माणसे खेळ जाणणारी होती. १९६८ मध्ये पुन्हा फिलाडेल्फियाशी गाठ पडली. मालिकेच्या आदल्या दिवशी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. खेळावे की खेळू नये, यावर दोन्ही संघांत चर्चा झाली. अखेर सामना झाला आणि सेल्टिक्स जिंकले, पण पुढचे तीन सामने त्यांनी गमावले. ३–१ अशा पिछाडीवरून मालिका जिंकण्याची किमया तोवर एनबीएत कोणी केली नव्हती. सेल्टिक्सने सलग तीन सामने जिंकले. फिलाडेल्फियातच झालेला सातवा सामना १००–९६ असा संपला आणि त्याच्या उत्तरार्धात चेंबरलेनला फक्त दोन शॉट घेता आले. लेकर्सना अंतिम मालिकेत ४–२ असे हरवून रसेल विजेतेपद मिळवणारा एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरला.

शेवटच्या हंगामात संघ म्हातारा झाला होता आणि पूर्व विभागात चौथा आला. तरी तो अंतिम फेरीत पोहोचला. समोर लेकर्स होते, आणि आता चेंबरलेनही त्यांच्याकडे आला होता. सातवा सामना ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये झाला. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते आणि वाद्यवृंदही बोलावला होता. रसेलने हे हेरून आपल्या खेळाडूंना त्याच्याच आधारे पेटवले. सेल्टिक्सने मोठी आघाडी घेतली, मग ती आटत गेली. गुडघा दुखावून बाहेर बसलेल्या चेंबरलेनला लेकर्सच्या प्रशिक्षकाने शेवटच्या मिनिटांत परत उतरवले नाही. डॉन नेल्सनचा एक शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि सरळ जाळीत पडला. निकाल १०८–१०६. रसेलने त्या सामन्यात फक्त सहा गुण केले, पण २१ रिबाउंड घेतले. चेंबरलेन बाहेर बसला म्हणून रसेलने पुढे त्याच्यावर जाहीर टीका केली. त्यामुळे दोघांची मैत्री जवळजवळ वीस वर्षे तुटली होती. नंतर रसेलने माफी मागितली.

त्याच उन्हाळ्यात त्याने खेळणे आणि सेल्टिक्सचे प्रशिक्षकपद दोन्ही सोडले. नियमित हंगामांत बॉस्टनमधला त्याचा हिशेब १६२ विजय आणि ८३ पराभव असा आहे.

सिॲटल आणि सॅक्रामेंटो. काही वर्षे दूरचित्रवाणीवर समालोचन केल्यावर १९७३ मध्ये रसेल सिॲटल सुपरसॉनिक्सचा प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर झाला. १९६७ मध्ये स्थापन झालेला हा संघ तोवर एकदाही प्ले-ऑफमध्ये पोहोचला नव्हता. दुसऱ्याच हंगामात, म्हणजे १९७५ मध्ये, रसेलने त्याला तिथे नेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेले. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही न घेतलेल्या स्लिक वॉट्सला त्याने संधी दिली. १९७५-७६ मध्ये वॉट्स असिस्ट आणि स्टील या दोन्हींत लीगमध्ये पहिला आला.

तरीही रसेल तिथे रमला नाही. सेल्टिक्समध्ये ज्या गोष्टी न बोलता होत, त्या इथे शिकवाव्या लागत होत्या. संघासाठी खेळायचे म्हणजे काय, हे ज्याला विशीतच उमगले होते, त्याला ते न उमगणाऱ्यांचा राग यायचा. बॉस्टनमध्ये प्रशिक्षकाचे म्हणणे पटले नाही तरी तोच प्रशिक्षक पुढच्या क्षणी बास्केटखाली उभा राहून चूक सावरायचा. सिॲटलमध्ये तो हात नव्हता. चार हंगामांत १६२ विजय आणि १६६ पराभव. विजयांचा आकडा बॉस्टनइतकाच, पण पराभव दुप्पट. असे असले तरी त्याने घातलेला पाया वाया गेला नाही. त्याच्याच कारकिर्दीत, १९७६ मध्ये, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडलेला डेनिस जॉन्सन १९७९ मध्ये अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि लेनी विल्किन्सच्या प्रशिक्षणाखाली सिॲटलने ते विजेतेपद मिळवले.

१९८७ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला बोलावले. हा प्रयोग फसला. ५८ सामन्यांत १७ विजय मिळाल्यावर त्याला बाकावरून उठवून कार्यालयात नेण्यात आले, आणि डिसेंबर १९८९ मध्ये तेथूनही दूर करण्यात आले. 

सन्मान. सन्मानांकडे पाहण्याची रसेलची रीत त्याच्या स्वभावाला साजेशी होती. मार्च १९७२ मध्ये बॉस्टन गार्डनमध्ये त्याचा सहा क्रमांकाचा गणवेश निवृत्त करण्यात आला तो प्रेक्षकांना दारे उघडण्यापूर्वी, मोजक्या साथीदारांसमोर, आणि त्याच्याच हट्टाखातर. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून निवड झाली, पण तो समारंभाला गेला नाही. आपल्याआधी एनबीएने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर याला हा मान मिळायला हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. कूपरचा समावेश २०१९ मध्ये झाला, त्यानंतरच रसेलने आपली अंगठी स्वीकारली. २०२१ मध्ये प्रशिक्षक म्हणूनही त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. बॉस्टनमधल्या तीन हंगामांकडे पाहिले तर हा मान पन्नास वर्षे उशिरा मिळाला.

एनबीए अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला २००९ पासून त्याचे नाव आहे. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिले, आणि २०१३ मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉल प्लाझामध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसत होते, तेव्हा ८३ वर्षांच्या रसेलने गळ्यात ते पदक घालून, एक गुडघा टेकून काढलेले आपले छायाचित्र प्रसिद्ध केले.

वॉशिंग्टन राज्यातल्या मर्सर आयलंड येथे ३१ जुलै २०२२ रोजी त्याचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात एनबीएने सर्व संघांसाठी सहा क्रमांक निवृत्त केला. ज्यांच्या अंगावर तो आधीपासून होता, त्यांना तो ठेवण्याची मुभा मिळाली. नव्या खेळाडूला तो आता दिला जात नाही. असा मान मिळालेला रसेल हा लीगच्या इतिहासातला पहिला खेळाडू आहे.