एक सीझन बसलं तर नाव जातं का?

आमच्या खोताच्या वाडीत गल्ली इतकी अरुंद आहे, की फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना पास जमिनीलगतच द्यावा लागतो. उंच मारला की कुणाच्या तरी लाकडी गॅलरीत जातो आणि मग त्या घरच्या आजी संध्याकाळपर्यंत बॉल देत नाहीत. या पोरांतला एक आता क्लबकडून खेळतो. मागच्या वर्षी गुडघा आणि बारावी, दोन्ही एकदम आल्यामुळे तो पूर्ण सीझन बसला. परवा जिन्यात भेटला आणि म्हणाला, "ताई, तू आकडेवारीत पीएचडी करतेस ना? मग सांग, एक सीझन बसलं तर लिस्टमधलं नाव खाली जातं का?"

प्रश्न भलताच माझ्या विषयातला निघाला. मी काम करते ते गाळलेल्या नोंदींवर. म्हणजे एखाद्या अभ्यासात मधूनच कुणी यायचं थांबलं, तर उरलेल्या माहितीवरून काय म्हणता येतं आणि काय नाही. यातली पहिली शिकवण अशी, की नोंद नाही एवढं कळून उपयोग नसतो. ती का नाही हे विचारावं लागतं. खेळाडू दुखापतीमुळे बसला, फॉर्म गेला म्हणून बसवला, की स्वतःहून बसला? स्कोअरबुकात तिन्हींची जागा सारखीच कोरी. पण जो फॉर्म गेल्यामुळे बसला तो परतल्यावर कमी खेळला, तर दोष बसण्याचा की आधीच गेलेल्या फॉर्मचा? हे वेगळं काढताच येत नाही.

म्हणून मला असा खेळाडू हवा होता, जो बसला पण ज्याच्या बसण्याचा शरीराशी आणि फॉर्मशी काही संबंध नव्हता. असे दोन सापडले आणि तेही घराजवळच. वाडीतून निघून चर्नी रोडचा पूल ओलांडला की मरीन ड्राइव्हवर जिमखान्यांची रांग लागते. त्यातल्या हिंदू जिमखान्याचे हे दोघं. फुटबॉल नाही, क्रिकेट. पण चालून जाईल.

4 जानेवारी 1932ला गांधीजींना अटक झाली. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जायचा होता आणि त्या दौऱ्यात भारताची पहिली अधिकृत कसोटी होती. नेते तुरुंगात असताना आपण दौऱ्यावर जायचं नाही, असं ठरवून एल. पी. जय आणि विजय मर्चंट मागे राहिले. जय तेव्हा तिशीत पोचलेले, मर्चंट वीस वर्षांचे. लॉर्ड्सची कसोटी 25 जूनला सुरू झाली आणि हे दोघं मुंबईतच होते.

वरवर पाहिलं तर गमावलं काय? एक कसोटी. पण त्या दौऱ्यात 26 प्रथम श्रेणी सामने झाले. सी. के. नायडू तिथे इतके खेळले, की पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंत घेतलं. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्या, वळणारा चेंडू, रोज नवा गोलंदाज हे सगळं शिक्षण बाकीच्यांना मिळालं. आणि इकडे? सविनय कायदेभंगाच्या वातावरणात मुंबईची चौरंगी स्पर्धा 1930 ते 1933 भरलीच नाही. म्हणजे घरच्या सर्वांत मोठ्या मंचालाही कुलूप. एक सीझन म्हणून मोजलेली सुट्टी प्रत्यक्षात लांबली होती.

डिसेंबर 1933मध्ये इंग्लंडचा संघ आला आणि बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. निवडीत दोघांचीही नावं होती! म्हणजे यादीने त्यांना शिक्षा केली नाही. जय यांनी 19 आणि 0 केल्या, मर्चंटनी 23 आणि 30. फार फरक नाही. पण त्याच सामन्यात लाला अमरनाथ नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाने पदार्पणातच 118 काढल्या आणि मधल्या फळीतली एक जागा बुक झाली. अमरनाथही 1932च्या दौऱ्यात नव्हते, बरं का. जागा भरणारा नेहमी तुमच्याच रांगेतला नसतो.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मर्चंट 1933-34च्या तिन्ही कसोट्या खेळले, 1936ला मँचेस्टरमध्ये त्यांनी 114 काढल्या आणि मुश्ताक अलींबरोबर 203ची सलामी दिली. एकूण दहा कसोट्या, सरासरी 47.72. जय यांची कसोटी एकच. 1936ला तेही इंग्लंडला गेले होते, पण बोट मोडलं. मधल्या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने पहिली रणजी स्पर्धा जिंकली, म्हणजे खेळ संपला होता असं मुळीच नाही.

मग जय यांचं नुकसान 1932च्या खात्यावर टाकायचं? इथे मी माझ्या गाइडसारखी आडवी येते. दोन माणसांवरून नियम काढायचा नाही, आणि तुलनेला न बसलेला माणूसही पाहिजे. तो पुण्यात आहे: प्रा. दि. ब. देवधर. 1926ला एम.सी.सी.विरुद्ध 148 काढणारे. ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत, कारण 1932ला त्यांनी चाळिशी गाठली होती. त्यांचं वय यादीआधी पुढे गेलं. दुसऱ्या महायुद्धाआधी भारताच्या वाट्याला सगळ्या मिळून सात कसोट्या आल्या. जिथे संधीच इतक्या विरळ, तिथे विसाव्या वर्षी बसलेल्याला पुढची गाडी मिळते. तिसाव्या वर्षी बसलेला प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उभा राहतो. माझं मत असं, की जय यांना सुट्टीने नाही, सुट्टी आणि वय यांच्या गुणाकाराने मारलं.

बसणं उलटं फायद्याचंही ठरू शकतं का? हिंदूंच्याच संघात 1920ला ठरलं होतं. कर्णधार एम. डी. पै यांना खेळता येत नव्हतं, त्यांच्या जागी देवधरांना (हो, तेच) नेमलं आणि पळवणकर बाळूंना वगळलं. बाळू चांभार समाजातले. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांना कर्णधारपद कधी मिळालं नव्हतं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निवेदन देऊन माघार घेतली. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. 1923ला विठ्ठल पूर्ण कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले. फरक बघा: 1932ला जहाज दोघांशिवाय निघालं, 1920ला पळवणकरांशिवाय संघ उभा राहत नव्हता. त्यांच्या कोऱ्या जागेकडे सगळी मुंबई बघत होती.

शरीराचं म्हणाल तर ते तुलनेने सोपं आहे. सराव थांबला की दोन-चार आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो, कारण रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आधी घटतं. सराव सुरू केला की बरंचसं परत येतं. पायाला लागलेली सवय त्याहून जास्त टिकते.

एवढं सगळं मी त्या पोराला जिन्यात सांगितलं नाही, दूध नासेल म्हणून वर पळाले. रविवारी सांगितलं. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "माझ्या जागी गेल्या वर्षी जो लेफ्ट बॅक आला, तो किती वर्षांचा आहे माहितेय?" मी म्हटलं, किती? "सतरा."