पडद्याआडचे चॉप सुई

अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. तेथे १९११ साली ‘पेकिन नूडल पार्लर’ ही चिनी खानावळ सुरू झाली. अरुंद जिना चढून वर जायचे, लाकडी कप्प्यात बसायचे आणि पडदा ओढून घ्यायचा. आपल्या इराणी हॉटेलांतली ‘फॅमिली रूम’ आठवावी! दस्तरखानावर येते चॉप सुई: मांसाचे तुकडे, भाज्या आणि दाट रस्सा. मूळ दक्षिण चीनचे, पण अमेरिकन जिभेसाठी बदललेले.

हे बदलणे हौसेचे नव्हते. आमच्या इतिहासाच्या तासाला अमेरिका म्हणजे वॉशिंग्टन आणि लिंकन. १८८२ चा कायदा तेथे येत नाही. त्याने चिनी मजुरांना दरवाजा बंद केला, फक्त व्यापारी वगैरे मोजक्यांना सूट ठेवली. ब्यूटमध्ये तर १८९६ च्या सुमारास कामगार संघटनांनी चिनी धंद्यांवर बहिष्कार घातला. चिनी दुकानदार गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९१५ साली एका न्यायालयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानले. मग काय, नातेवाईक पैसे गोळा करून भागीदारीत हॉटेले काढू लागले, आळीपाळीने मालकाच्या खुर्चीवर बसू लागले, म्हणजे प्रत्येकाचे कागदपत्र पक्के! बंदी उठली ती थेट १९४३ साली.

पेकिनला २०२३ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. बहिष्काराच्या त्याच गावात.