कसारा घाट ते मुरबाडच्या भातगिरण्या : जाम झालेल्या मोटरच्या परीक्षेचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे तालुके शेजारी-शेजारी वसलेले आहेत, दोहोंचे मुख्य पीक भात आहे आणि पावसाळाही सारखाच धो-धो कोसळणारा आहे. तरीही विद्युत मोटर या दोन तालुक्यांत दोन निरनिराळ्या वाटांनी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोहोचला, आणि ज्याला आज सर्रास कसारा घाट म्हणतात तो थळ घाट ओलांडून १८६५ मध्ये इगतपुरीला गेला. वासिंद ते कसारा हा टापू शहापूर तालुक्यातला असल्याने रेल्वे शहापूरच्या वाट्याला आली, मुरबाड तिच्या दक्षिणेला बाजूलाच राहिले. त्यामुळे शहापूर तालुक्यातली पहिली मोठी मोटर रेल्वेच्या इंजिनात बसून आली, तर मुरबाडला मोटरची ओळख भातगिरणी आणि पाण्याचा पंप यांनी करून दिली. पहिली मोटर ब्रशची होती, दुसरी बिनब्रशची, आणि मोटर जाम झाली की दोष कुठे आहे हे ताडण्याची रीत या दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे घडत गेली.

कसारा ते इगतपुरी हे अंतर जेमतेम १५ किलोमीटर आहे, पण तेवढ्यात रेल्वेला सुमारे ३०० मीटर चढावे लागते. चढाचे प्रमाण सदतिसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असे आहे. या चढावर वाफेच्या इंजिनांची दमछाक होत असे. कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा येथील वीजकेंद्र उभे राहिल्यावर १९३० मध्ये कल्याण ते इगतपुरी हा मार्ग १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालू लागला. घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेली, पुढे डब्ल्यूसीजी-१ या नावाने नोंदली गेलेली ४१ इंजिने स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली होती. मध्ये उंच खोली आणि दोन्ही टोकांना पुढे आलेली ठेंगणी नाके अशी त्यांची ठेवण होती, आणि रेल्वे कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

खेकड्याच्या पोटात चार मोटरी होत्या आणि त्यांची एकत्रित शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. अशा मोटरीत फिरणाऱ्या भागावर, म्हणजे आर्मेचरवर, तारेची वेटोळी असतात. त्यांची टोके तांब्याच्या पट्ट्यांनी बनलेल्या एका गोल नळकांड्याला जोडलेली असतात, त्याला कॉम्युटेटर म्हणतात. आणि स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे ठोकळे, म्हणजे ब्रश, त्या नळकांड्यावर घासत वीज आत पोहोचवतात. आर्मेचर फिरेल तशी एकामागून एक पट्टी ब्रशखाली येते आणि वेटोळ्यांतील प्रवाहाची दिशा योग्य क्षणी पालटत राहते. ही रचना घाटासाठी फार सोयीची होती, कारण आर्मेचर आणि भोवतालची चुंबकीय वेटोळी एकाच मालिकेत जोडल्यास मोटर सर्वांत जास्त जोर वेग कमी असतानाच देते. मात्र ओझ्याने गाडी चढावर अडली आणि मोटर न फिरता तिच्यातून प्रवाह वाहत राहिला, तर तो त्याच चार-दोन पट्ट्यांतून जातो आणि कॉम्युटेटर जागच्या जागी भाजून निघतो. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावून ती वर ढकलली जाते. त्यामागे इतर कारणे आहेतच, पण मोटरीला असे अडकू न देणे हेही एक होते.

खेकड्याचा दुसरा गुण उतारावर दिसत असे. उतरणाऱ्या गाडीची चाके मोटरींना फिरवू लागली की त्याच मोटरी जनित्र बनून वीज निर्माण करीत, ती वीज वरच्या तारेत परत जाई आणि मोटरींच्या विरोधामुळे गाडीचा वेग आवरला जाई. मोटर निरोगी असूनही ती फिरण्यास विरोध करू शकते, ही गोष्ट घाटाने अशी १९३० सालीच दाखवून दिली होती.

खरा जाम याहून वेगळा. पुढच्या पिढीतल्या इंजिनांत प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर आली. चित्तरंजनच्या कारखान्याचे पहिले विद्युत इंजिन ‘लोकमान्य’, जे १९६१ मध्ये याच १,५०० व्होल्टच्या मार्गांसाठी तयार झाले, ते सहा मोटरींचे होते. मोटरीच्या दांड्यावरचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. आर्मेचरचे बेअरिंग वंगणाअभावी तापून धरले किंवा दाता तुटून मध्ये अडकला, तर तो आस फिरेनासा होतो, बाकीच्या मोटरी इंजिनाला ओढत राहतात आणि जाम झालेले चाक रुळावर घसटत एका जागी सपाट होते. रेल्वेच्या भाषेत हा ‘लॉक्ड ॲक्सल’. त्यावर घटनास्थळी करायचा इलाज आडदांड वाटतो, पण त्याला दुसरा पर्याय नसतो: पिनियन गॅसच्या ज्योतीने कापून मोटर आणि आस यांचा संबंध तोडला जातो, चाक मोकळे झाले की इंजिन अत्यंत कमी वेगाने शेडकडे ओढत नेले जाते. बिघाड मोटरीत आहे की दातेरी चाकांत, याचा निवाडा नंतर शेडमध्ये होतो. घाटरेल्वेच्या इतिहासात पूल, बोगदे आणि अभियंते यांना भरपूर पाने मिळाली. उभ्या गाडीच्या आसपेटीजवळ हाताची मागची बाजू नेऊन ती किती तापली आहे हे जोखणाऱ्या माणसांना मात्र त्या इतिहासात त्यांच्या कामाच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली, आणि ही उणीव खरोखर मोठी आहे.

मुरबाडकडे वीज आली ती निराळ्या जातीची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी तारा पोहोचत गेल्या आणि ऑइल इंजिनावर चालणाऱ्या भातगिरण्या हळूहळू थ्री फेज मोटरीवर आल्या. थ्री फेज म्हणजे एकमेकांच्या मागे ठरावीक अंतराने चढ-उतार होणारे तीन प्रवाह. स्थिर भागातील, म्हणजे स्टेटरमधील, वेटोळ्यांत ते सोडले की एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि मधला रोटर त्याच्या मागे ओढला जातो. रोटरवर ब्रश नसतात, तारांची वेटोळीही नसतात. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पिंजरा तेवढा असतो. रेल्वे ज्या बिनब्रशच्या मोटरीची अनेक दशके वाट पाहत होती, ती मुरबाडच्या गिरणीत पट्ट्याने हलर, म्हणजे भात सडण्याचे यंत्र, फिरवीत होती, ही या भागाच्या तंत्रेतिहासातील विशेष गोष्ट म्हटली पाहिजे. तिचा वेग विजेच्या आवर्तनाशी बांधलेला असल्याने गाडी हाकण्यास ती तेव्हा फारशी सोयीची नव्हती. एकाच वेगाने चालणाऱ्या गिरणीला तीच मोटर पुरेशी होती.

गिरणीतली मोटर घुरघुरली पण फिरेना, तर कारागीर प्रथम वीज बंद करतो, पट्टा उतरवतो आणि पुली हाताने फिरवून पाहतो. पुली हलकी फिरली, तर दोष विजेचा, बहुधा एक फेज गेलेला. जड फिरली किंवा हललीच नाही, तर बेअरिंग गेलेले, भुशाची धूळ ग्रीसमध्ये मिसळून घट्ट झालेली, किंवा रोटर स्टेटरला घासत असलेला. पट्टा उतरवल्यावर मोटर मोकळी, पण हलरच अडकलेला, असेही आढळते. पिनियन कापणे आणि पट्टा उतरवणे यांतला तर्क एकच आहे: ओझे आणि मोटर आधी वेगळी करावी, मग दोष शोधावा. पिंजऱ्याच्या रोटरला स्वतःचे चुंबकत्व जवळजवळ नसल्याने हाताची ही परीक्षा सहसा फसवत नाही.

अर्धवाहकांच्या साहाय्याने विजेची आवर्तने हवी तशी बदलणे शक्य झाले, तेव्हा रेल्वेची आणि गिरणीची वाट एकत्र आली. १९९६ पासून भारतीय रेल्वेत आलेल्या डब्ल्यूएजी-९ या इंजिनात थ्री फेजच्या सहा बिनब्रशच्या मोटरी सहा हजारांहून अधिक अश्वशक्ती देतात. घाटातील एकदिश प्रवाहाची जागा २००६ मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. मोटरीतून कॉम्युटेटर गेला आणि त्याच्याबरोबर भाजलेल्या पट्ट्या व झिजलेले कार्बन गेले. बेअरिंग मात्र राहिले, आणि ते धरल्यास पिनियन आजही कापावेच लागते.

याच काळात बिनब्रशच्या मोटरीची दुसरी शाखा लहान यंत्रांत वाढली. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या अमेरिकी अभियंत्यांनी कॉम्युटेटरचे काम अर्धवाहक स्विचांकडे सोपवणारी मोटर मांडली. १९८० च्या दशकात निओडिमियमचे अतिशय बलवान चुंबक निघाले आणि रोटरमध्ये पिंजऱ्याऐवजी असे चुंबक बसवून मुठीत मावणारी जोरकस मोटर करता येऊ लागली. रेडिओवर चालणाऱ्या छंदाच्या गाड्या आणि विजेच्या दुचाकी यांच्यात आज हीच मोटर असते. ती जाम झाली, तर मुरबाडच्या गिरणीची परीक्षा तशीच्या तशी लावता येत नाही. बॅटरी काढून, पिनियन मोठ्या दातेरी चाकापासून बाजूला सारून दांडा बोटांनी फिरवल्यास निरोगी मोटरही टप्प्याटप्प्याने अडखळल्यासारखी फिरते, कारण रोटरचे चुंबक स्टेटरच्या लोखंडी दातांना धरू पाहतात. या स्विचांच्या पेटीतला, म्हणजे कंट्रोलरमधला, स्विच जळून आतल्या आत जोडला गेला असेल, तर फिरणाऱ्या चुंबकांनी निर्माण केलेली वीज बंद मार्गात वाहते आणि मोटर स्वतःलाच रोखते. ही खेकड्याच्या उतारावरचीच क्रिया, येथे मात्र ती बिघाडाची खूण आहे. म्हणून मोटर उघडण्याआधी कंट्रोलरकडे जाणाऱ्या तिन्ही तारा सोडवून त्यांची टोके एकमेकांना न लागू देता दांडा पुन्हा फिरवावा लागतो. तो मोकळा झाला, तर दोष कंट्रोलरचा असतो. तसाच अडून राहिला, तर पावसाच्या पाण्याने गंजलेले बेअरिंग, आत शिरलेली खडी, रोटरवरून सुटलेला किंवा तडकलेला चुंबक, आणि मोटर बसवताना लावलेला प्रमाणाबाहेर लांब, वेटोळ्यांपर्यंत पोहोचलेला स्क्रू, या क्रमाने तपासणी करावी लागते.