चंद्रपूर औष्णिक केंद्र : धुराड्यातील राखेचे नियंत्रण

महानिर्मितीच्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर केलेल्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या स्थानी होते. या प्रदूषणात खाणी, अन्य उद्योग आणि वाहने यांचाही वाटा आहे. तथापि कोळशाची राख हा त्यातील महत्त्वाचा घटक होय.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के राखेचा एक टन कोळसा जाळल्यास ३५० किलो राख उरते. त्यातील सुमारे २८० किलो राख वायूंबरोबर धुराड्याकडे जाते. ती अडविण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर (ईएसपी) हे संयंत्र वापरतात. उच्च दाबाच्या विजेने कण भारित होऊन धातूच्या पत्र्यांना चिकटतात. पत्र्यांवर ठोके देऊन ती राख खालच्या नरसाळ्यांत पाडली जाते.

या संयंत्राची कार्यक्षमता ९९.९ टक्के असल्यास टनामागे २८० ग्रॅम राख हवेत जाते. ती ९९ टक्क्यांवर आल्यास हेच प्रमाण २.८ किलो, म्हणजे दहापट होते. म्हणूनच देखभालीतील किरकोळ वाटणारी उणीवही परिसरातील नागरिकांना महागात पडते. भारतीय कोळशात गंधक कमी असल्याने राखेचा विद्युतरोध अधिक असतो व ती पकडणे कठीण जाते. त्यावर वायूत अल्प प्रमाणात अमोनिया सोडणे, पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढविणे किंवा कापडी गाळण्या बसविणे हे उपाय आहेत.

डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार २००३ अखेरपर्यंतच्या संचांसाठी धूलिकणांची मर्यादा प्रति घनमीटर १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधील संचांसाठी ५० आणि त्यानंतरच्या संचांसाठी ३० मिलिग्रॅम आहे. चंद्रपूरचे जुने संच पहिल्या गटात, तर आठवा व नववा संच दुसऱ्या गटात मोडतात.

मात्र धुराड्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सूक्ष्म कण तयार होतात. ईएसपी ते रोखू शकत नाही. त्यासाठी गंधक काढणारे स्वतंत्र संयंत्र लागते. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या संयंत्राच्या सक्तीतून वगळले. अतिप्रदूषित क्षेत्रांतील केंद्रांबाबत प्रकरणनिहाय निर्णय घेण्याची तरतूद ठेवली.

पकडलेली राखही वाऱ्याने उडू नये, यासाठी ती ओली ठेवणे, झाकून वाहून नेणे आणि सिमेंट, विटा व रस्तेबांधणीत वापरणे आवश्यक ठरते. अन्यथा धुराड्यात अडविलेली धूळ राखेच्या तलावावरून पुन्हा वस्तीत पोहोचते.